सायब बरे आसत

आमच्या चाळीत पलटणीतला पहिला जवान आला, तेव्हा सासूबाईंनी स्वतःचा मुलगा गेला असं समजून चांगला पाव तास शोक केला होता. आज मी हे हसत सांगते. त्या दिवशी हसायची कुणाची हिंमत नव्हती.

दुपारची वेळ होती. सासूबाई गॅलरीत सूप घेऊन तांदूळ निवडत होत्या. जिन्यावर बूट वाजले आणि गणवेशातला एक जवान वर आला, खांद्यावर काळी ट्रंक. लष्करातल्या माणसाच्या घरी गणवेशातला परका माणूस ट्रंक घेऊन का येतो, हे कुणी कुणाला शिकवावं लागत नाही. सासूबाईंनी सूप टाकलं आणि हंबरडा फोडला. नळावरच्या बायका हातातल्या कळश्या सोडून धावल्या. मी आत मुलीला पाजत होते, तशीच बाहेर आले.

तो बिचारा सावधान उभा. नजर सरळ समोर, कानशिलावरून घाम. वडीलधारं माणूस बोलत असताना परवानगीशिवाय तोंड उघडायचं नाही, हे त्याच्या अंगात भिनलेलं होतं, आणि सासूबाई काही थांबेनात. म्हणजे इकडे अख्खी चाळ रडतेय आणि हा हुकमाची वाट बघतोय. शेवटी मीच ओरडले, "अहो, बोला की! काय झालंय त्यांना?"

"मेमसाब," तो म्हणाला, "अक्रोड."

साहेबांनी घरी पोचवायला अक्रोडांची पिशवी दिली होती. साहेब ठणठणीत होते. ट्रंक त्याची स्वतःची होती, तो रजेवर गावी निघाला होता आणि संध्याकाळच्या एसटीपर्यंत त्याला कुठेतरी टेकायचं होतं. सासूबाईंनी डोळे पुसले, त्याला दोन सणसणीत शिव्या दिल्या आणि त्याच्यासाठी आंघोळीचं पाणी तापत ठेवलं. मेमसाब म्हणायचं नाही, वयनी म्हणायचं, हेही तेव्हाच बजावलं.

ह्यातला साहेब म्हणजे माझा नवरा. लष्करात कॅप्टन. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही बोरिवली पूर्वेला, नॅशनल पार्कच्या बाजूच्या एका दुमजली चाळीत राहायचो. सासरे मालवणकडचे, गिरणीत साच्यावर काम करणारे. ते माझ्या लग्नाआधीच गेले. त्यांच्या मुलानं कॉलेजात असताना एनसीसी केली आणि एक दिवस परीक्षा देऊन तो थेट अधिकारी झाला. आमच्या चाळीतून पोलीस झाले होते, पोस्टमन झाले होते, अधिकारी हा पहिलाच. पण ही नोकरी पाच वर्षांच्या कराराची होती. पाच वर्षं भरत आली की लष्कर विचारतं: कायमचा राहतोस, की घरी जातोस? लग्न ठरवताना मला सांगितलं गेलं होतं की मुलगा पाच वर्षांनी घरी येणार. मी महापालिकेच्या शाळेत शिकवत होते. पाच वर्षं म्हणजे काय, एक वर्ग पहिलीतून पाचवीत जातो, एवढंच. मी हो म्हटलं.

अक्रोडांच्या प्रसंगानंतर मी नवऱ्याला असं काही खरमरीत लिहिलं की त्यानं पलटणीत हुकूमच काढला. माझ्या घरी जाणाऱ्यानं जिन्याला पाय लावायच्या आधी खालून हाक द्यायची. हाक ठरलेली: "आये, सायब बरे आसत!" त्याच्या कंपनीतली बरीच पोरं कोकणातली होती, त्यामुळे हुकूमही मालवणीतच निघाला.

कोकणात तेव्हा रेल्वे नव्हती. दिल्लीकडून येणारी गाडी बोरिवलीला थांबायची, आणि तिथून गावाकडची एसटी मिळायची. त्यामुळे आमच्या दोन खोल्या म्हणजे पलटणीची धर्मशाळाच झाली. महिन्या-दोन महिन्यांनी खालून हाक यायची. सासूबाई आतूनच म्हणायच्या, "बरे आसत तर बरे आसत, वर ये!" आणि तांदळाच्या डब्यात हात घालायच्या. कुरकुर तर अशी करायच्या की ऐकणाऱ्याला वाटावं, उद्यापासून दार बंद. पण घरात जास्तीचा एक बांगडा कायम असायचा. समोरच्या गुजराती काकी एसटीत खायला थेपले बांधून द्यायच्या. चाळीतल्या बायकांना त्या हाकेची इतकी सवय झाली की दूधवाला उशिरा आला तरी त्या म्हणायच्या, "काय रे, सायब बरे आसत ना?"

रजा संपवून परत जातानाही पोरं आमच्याकडे यायची. निघताना अंगणातून वर बघून विचारायची, "आये, सायबाक काय सांगू?" सासूबाई कठड्यावरून ओणवून ओरडायच्या, "घरची माणसां बरी आसत, सांग तेका!" मग पोरं माझ्याकडे बघायची. "वयनी, तुमचा काय?" माझं काही नाही, मी पत्र लिहीन, असं मी म्हणायचे. मी कधीच ओरडले नाही. मुलीच्या गोवरात रिक्षा शोधत एकटी धावलेली बाई मी. मी बरी आहे असं कशाला सांगू? मला नवरा घरी हवा होता. हे मी कुणापासून लपवलं नाही, सासूबाईंपासून नाही आणि त्याच्यापासूनही नाही.

पाच वर्षं भरत आली तशी मी कामाला लागले. माझा मामा कांजूरमार्गच्या एका कारखान्यात वरच्या जागेवर होता. तिथे सिक्युरिटी ऑफिसर हवा होता, आणि लष्करातून आलेला असेल तर उत्तमच. पगार चांगला, वर कंपनीच्या कॉलनीत क्वार्टर. नवरा रजेवर आला तसं मी त्याला मामाबरोबर पाठवून दिलं. कारखान्याच्या साहेब लोकांना तो पसंत पडला. सोमवारपर्यंत कळवा, म्हणाले. मी आणि सासूबाई जाऊन क्वार्टर बघून आलो. न्हाणीघर घरात, खिडकीतून पवईकडची टेकडी. सासूबाईंनी नळ सोडून बघितला, बंद केला, पुन्हा सोडला. परत येताना बसमध्ये त्या कुठे काय लावायचं हेच बोलत होत्या.

आमची मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती. तिच्या लेखी 'सायब' नावाचा कुणीतरी डोंगरावर राहत असे आणि तो नेहमी बरा असे. बापाशी त्याचा काही संबंध असेल हे तिच्या गावीही नव्हतं. बाप रजेवर आल्यावर दोन दिवस ती लांबून बघत होती. मग जवळ जाऊन तिनं विचारलं, "तू सायब काय?" तो हो म्हणाला. "बरा आहेस?" तो तिच्याकडे बघतच राहिला. मी मनात म्हटलं, बघा, हे पाच वर्षांचं फळ.

नवरा ह्या सगळ्यावर फारसं बोलत नव्हता. नाही म्हणत नव्हता, तसं आनंदानं होही म्हणत नव्हता. त्याच्याबरोबर भरती झालेले कितीतरी जण निघाले होते. एक आसामात चहाच्या मळ्यावर गेला, एकानं वडिलांचं दुकान धरलं. "गेले ते काही भित्रे नव्हते," तो मला म्हणाला होता. "एक तर माझ्यापेक्षा चांगला अधिकारी होता. त्याची आई आजारी आहे, तो गेला. बरोबर केलं त्यानं." मी ते लक्षात ठेवलं होतं. त्याच्याच तोंडचं वाक्य उद्या उपयोगी पडेल म्हणून.

मग तो रविवार आला. सासूबाई बांगडे साफ करत होत्या. नवरा बनियन-लुंगीवर बसून नारळ खवत होता. रजेवर आला की ते काम त्याचं. आणि खालून हाक आली, "आये, सायब बरे आसत!"

त्याचा हात थांबला. "हे काय?"

"तुमचाच हुकूम," मी म्हटलं.

"मी कधी ऐकलं नव्हतं."

"कसं ऐकणार? तुम्ही इथे असता तर कुणी कशाला ओरडलं असतं?"

सासूबाई हात धुऊन कठड्याकडे गेल्या. "अरे, तुझो सायब हय खोबरा खवता! वर ये मुकाट्यान." पण वर कुणी येईना. खालून आवाज आला, "येतंय आये. जरा दम खातंय." सासूबाईंनी ओणवून नीट बघितलं आणि हातानं मला बोलावलं. मी शेजारी जाऊन उभी राहिले. खाली तो पहिला जवान होता, अक्रोडवाला. आता काखेत कुबडी होती. डाव्या पायाचा पुढचा भाग नव्हता. होतं त्यावर जाड मोजा चढवलेला. रिक्षावाल्यानं ट्रंक जिन्याशी ठेवली होती आणि तो जिन्याकडे मान वर करून बघत होता.

नवरा माझ्या बाजूनं, खोबऱ्याच्या हातानं तसाच जिना उतरला. त्याला बघून जवान चपापला. कुबडी सावरत सावधान व्हायला गेला आणि तोल गेला. नवऱ्यानं त्याला धरलं.

"सायब! तुमी हंयसर?" मग जरा थांबून तो म्हणाला, "मगे मी काय खोटा सांगलंय नाय."

तो बरेच महिने दिल्लीच्या लष्करी रुग्णालयात होता. साहेब रजेवर आलेत ह्याचा त्याला पत्ताही नव्हता. आजारपणाची रजा घेऊन गावी निघालेला, वाटेत आमच्याकडे उतरला, नेहमीसारखा. आणि उतरल्यावर जे म्हणायचं असतं ते म्हणाला. स्वतःचा अर्धा पाय बर्फात गेलेला माणूस आमच्या अंगणात उभा राहून ओरडत होता, की साहेब बरे आहेत.

नवरा त्याच्यापुढे पाठ करून खाली बसला. "चड."

"नको सायब. चाळ बघता."

"बघूं दे. डोंगरावरसून खाली आणलंय तेवा काय बोललंस? मगे आता गप रव."

ह्याला डोंगरावरून पाठीवर त्यानंच खाली आणलं होतं, ते आम्हाला तेव्हा कळलं. नवऱ्यानं घरी कधी सांगितलं नव्हतं. पत्रात असायचं, थंडी आहे, जेवण बरं आहे, मुलीला टोपी घाला. तो त्याला पाठीवर घेऊन जिना चढत होता आणि चाळीच्या दोन्ही गॅलऱ्यांत माणसं उभी होती. समोरच्या काकींनी पदर डोळ्याला लावला. मी त्याची बायको, आणि माझी मान अशी ताठ झाली की काय सांगू. सोमवारचं सगळं मी त्या क्षणी विसरले होते. नंतर आठवलं, पण त्या क्षणी विसरले होते, हे खरं.

जेवताना बाकीचं बाहेर आलं. वादळात सापडलेल्या तुकडीला आणायला साहेब स्वतः गेले होते. तंबूत पोचल्यावर त्यांनी कोट उघडून जवानाचे गारठलेले पाय आपल्या पोटाशी धरले, आणि सकाळी माणसं येईपर्यंत सोडले नाहीत. "एक पाय वाचलो तो तेच्यामुळे, आये." नवरा ताटात बघून म्हणाला, "भात घे रे आणखी." सासूबाई वाढायच्या थांबल्या. मुलाच्या बनियनकडे, पोटाकडे बघत राहिल्या. मग त्याच्या पानात त्यांनी न विचारता दुसरा बांगडा घातला.

"आता घरीच राहणार?" मी जवानाला विचारलं.

"नाय वयनी. डॉक्टर म्हणतत, पेन्शन घे आणि जा. मी म्हटलंय, स्टोअरात बसवा, लंगरात बसवा. कांदे काय, बसानच चिरतत." तो स्वतःच हसला. "घराक जाऊन करू काय? आमची पोरां थंय आसत." मग नवऱ्याकडे वळून त्यानं साधेपणानं विचारलं, "सायब, तुमची रजा कदी संपता?"

"पुढच्या आठवड्यात," नवरा म्हणाला. कांजूरमार्गचं त्यानं काढलं नाही. मीही काढलं नाही. काढायचं तर तेव्हाच काढायला हवं होतं.

संध्याकाळी नवरा त्याला एसटीवर बसवायला गेला. सासूबाई आणि मी भांडी घासत होतो.

"गो," त्या म्हणाल्या, "त्या क्वार्टराच्या गेटार वॉचमन आसा मा?"

"आहे."

"मगे पोरां हाक खंयसून मारतली?"

"वॉचमनला सांगून ठेवता येईल, आई. तो ह्यांच्याच हाताखालचा असणार."

त्यांनी तवा बाजूला ठेवला. "म्हणजे, तेंका गेटार अडवूचा काम माज्या झिलाचा?"

झील म्हणजे मुलगा, तेवढी मालवणी मला कळायची; मी पुढचं पातेलं ओढलं. क्वार्टर, न्हाणीघर, टेकडी, ह्यांतलं एक अक्षर त्यांच्या तोंडून त्यानंतर निघालं नाही. घरातला नळ त्यांनी किती हौसेनं सोडून बघितला होता ते मला माहीत होतं, म्हणून सांगते.

नवरा परत आला तेव्हा दिवेलागण झाली होती. गॅलरीत माझ्या शेजारी येऊन टेकला.

"तू काय म्हणतेस?" त्यानं विचारलं.

माझं डोकं तापलं. "मी काय म्हणते? म्हणजे निर्णय माझ्या गळ्यात? माझं म्हणणं कालचं तेच आज. मला तुम्ही घरी हवे आहात. ह्यात बदल नाही."

"मग उद्या हो कळवतो."

"कळवा. आणि मग खुर्चीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पिशव्या तपासा." माझाच आवाज मला कडू लागला. "एक खरं सांगा. तिथे राहावंसं का वाटतं? देशबिश मला सांगू नका, ती भाषणं मी शाळेत दर पंधरा ऑगस्टला ऐकते."

त्यानं खाली अंगणाकडे बघितलं. मग म्हणाला, "माझ्यावाचून काही अडणार नाही तिथे. दुसरा येईल, कदाचित बराही असेल. पण नवा अधिकारी आला ना, की ही पोरं वर्षभर त्याला नुसतं बघत असतात. बोलत नाहीत. हा कसा जेवतो, कसा चिडतो, घाबरला की काय करतो, सगळं बघतात. माझं बघून झालंय त्यांचं. आता कुठे विश्वास टाकायला लागलेत, आणि नेमका आत्ता मी उठून जायचं?"

"आणि मी? मी नाही बघत बसले पाच वर्षं?"

"तू तर सगळ्यात आधीपासून," तो म्हणाला. "म्हणूनच विचारतोय. तू नको म्हणालीस तर मी येईन. कुरकुर न करता येईन. पण तिथे राहायचं तर हो तू म्हणायला हवंस, मी नुसतं कळवून मोकळा होणार नाही."

मला त्याचा इतका राग आला की रडूच फुटलं. कारण तो खरंच आला असता. कुरकुर न करता त्या गेटवर बसला असता, क्वार्टरच्या खिडकीतून टेकडीकडे बघितलं असतं, आणि मी रोज त्याला चहा देताना आज जिन्यावरून पाठीवर माणूस घेऊन चढलेला तो माणूस शोधत बसले असते. मला तो माणूस घरी हवा होता, आणि मी घरी आणत होते भलत्यालाच. मी नाक पुसलं आणि म्हटलं, "राहा तिकडेच. पण मी खूश होऊन सांगतेय असं समजू नका."

"नाही समजत," तो म्हणाला.

मामा रुसला, आणि त्याचं रुसणं रास्त होतं. चाळीतल्या अर्ध्या लोकांनी मला वेड्यात काढलं, अर्ध्यांनी माझ्या समजूतदारपणाचं कौतुक केलं. मी समजूतदार वगैरे नव्हते. मला त्याचा अभिमान वाटत होता, बस्स. तो आजही वाटतो, आणि त्याचा त्रासही तेव्हा व्हायचा तेवढाच पुढेही होत राहिला.

आठवड्यानं तो निघाला. सकाळी गणवेश चढवला, काळी ट्रंक खांद्यावर घेतली. मुलगी जिन्यापर्यंत गेली आणि त्याला म्हणाली, "बरा राहा हं, सायब." सासूबाईंनी त्याच्या हातावर दही घातलं. माझं बोलायचं ते सगळं बोलून झालं होतं असं वाटत होतं. तो जिना उतरला. अंगण ओलांडलं. फाटकाशी पोचला तेव्हा त्याची पाठ दिसत होती, आणि त्या पाठीवरून त्या दिवशी कोण वर आला होता ते आठवलं. आपला पाय गेलेला असताना त्यानं खालून काय सांगितलं होतं, तेही आठवलं.

मी कठड्यावर ओणवले. मी साताऱ्याकडची, मालवणीतला एक शब्द तोवर मी तोंडातून काढला नव्हता. आवाज चिरकला, तरी ओरडले, "घरची माणसां बरी आसत!"

तो तसाच चालत होता. समोरून ट्रक गेला होता.

सासूबाई माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्यांचे डोळे भरले होते, पण सूर नेहमीचाच होता. "मोठ्यान सांग गो," त्या म्हणाल्या. "तेका ऐकाक नाय गेला."

मी पुन्हा ओरडले. ह्या वेळी तो थांबला.